आर्णीच्या अलीकडचं फाट्यावरचं हॉटेल : तर्री उत्तम, चहा बरा, फुटबॉल हाफच्या हिशोबानं

या हॉटेलला नाव नाही. एक पाटी होती, कुठल्याशा थंड पेयाच्या कंपनीनं फुकट दिलेली. ती एका उन्हाळ्यात वावधनात उडाली आणि आता पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून पडली आहे. नागपूर–तुळजापूर हायवेनं यवतमाळ सोडलं की आर्णीच्या अलीकडं आमच्या गावाचा फाटा लागतो. तिथं एक पंक्चरवाला, एक कृषी केंद्र, एसटीचा मोडका निवारा आणि निवाऱ्याला पाठ लावून हे टिनाचं हॉटेल. बाहेर कढई, आत चार टेबलं, एक डीप फ्रीझर आणि फ्रीझरच्या वर भिंतीला बत्तीस इंची टीव्ही. त्या टीव्हीपायीच मी हे लिहायला बसलो.

झालं असं की डिसेंबरात एका रात्री नांदेडकडं जाणारी एक गाडी थांबली. गाडीतल्या साहेबांनी चहा सांगितला, टीव्हीकडं पाहिलं आणि म्हणाले, बातम्या लावा. मालक म्हणाले, मॅच चालू आहे. कोणाची? क्लाक्सविकची. साहेबांना वाटलं, हा आपली टिंगल करतोय. अर्धा चहा मोरीत ओतून, "असल्या हॉटेलात पाय ठेवू नये" असं चार माणसांत ऐकवून ते गेले. त्यांचं पूर्ण चुकलं असं मी म्हणणार नाही. पण एक रात्र आलेल्या माणसाचं मत हायवेभर फिरणार आणि सहा महिने त्या डुगडुगत्या बाकावर बसलेल्या आम्ही गप्प राहायचं, हे काही पटलं नाही.

आधी खाण्याचं सांगतो, कारण शंभरातली नव्वद माणसं त्यासाठीच थांबतात.

इथला आलूबोंडा मोठा नसतो. बेसनाचं आवरण पातळ, आतल्या आलूत हळद नावाला, लसूण आणि हिरवी मिरची मात्र सढळ. खरी गोष्ट तर्रीची. मालकीणबाई, म्हणजे आमच्या वहिनी, रात्री हरभरे भिजत घालतात. पहाटे कांदा आणि खोबऱ्याची वाटी सरळ निखाऱ्यावर ठेवतात, काळी होईस्तोवर. मग ते खलबत्त्यात, नंतर मिक्सरात. आधी पाट्यावर वाटायच्या, त्या तर्रीची सर आताच्या तर्रीला नाही हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलं आहे. त्या म्हणाल्या, "तुम्ही या न सर पाट्यावर बसाले, मी खडू घेऊन जातो शाळेत." तेव्हापासून तो विषय बंद. प्लेटमध्ये बोंडा चमच्यानं फोडायचा, वरून तर्री, मग कच्चा कांदा, मूठभर शेव आणि मागून पुन्हा एक पळी तर्री. दुसऱ्या पळीचे पैसे लागत नाहीत, तिसऱ्या पळीला मालक फक्त बघतात. पहिला घाणा सकाळी साडेसातला, दुसरा संध्याकाळी साडेपाचला. मधल्या वेळेत आलात तर चिवडा खा आणि पुढं जा.

चहा बरा. सकाळचा चांगला, दुपारचा ठीक, आणि रात्री नवानंतरचा फक्त गरम. दूध संपत आलं की मालक पाणी वाढवतात, वर आलं ठेचून घालतात म्हणजे कळू नये. कळतं. ग्लास स्वच्छ असतात, बाक नाही. दाराजवळच्या बाकाचा एक पाय आखूड आहे, खाली विटेचा तुकडा आहे, आणि कोणी झटक्यात उठलं की बाकीचे तिघं डावीकडं कलतात. बाईमाणसांसाठी सोय काहीच नाही, हे मालकांना मी आठ वर्षांपासून सांगतो आहे. दर वेळी "करू न सर" म्हणतात.

आता टीव्ही.

मी इथल्या हायस्कूलला पीटीचा शिक्षक. बी.पी.एड. अमरावतीला केलं, फुटबॉल तिथंच अंगात भिनला, आणि मग नोकरी लागली ती अशा गावात जिथं चेंडू म्हणजे टेनिसचा. तरी पोरं धरून टीम उभी केली. हॉटेलमालकांचा पोरगा आमचा गोलकीपर. एरवी या टीव्हीवर भजन, बातम्या नाहीतर क्रिकेट चालतं. त्यावर फुटबॉल लागू लागला त्याचं पहिलं कारण तो पोरगा.

दुसरं कारण पाऊस. २०२३ च्या जुलैत संध्याकाळी घरी निघालो की हमखास हॉटेलात अडकायचो. मोबाइलवर स्कोअर बघायची सवय. युरोपातल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेच्या, चॅम्पियन्स लीगच्या, पात्रता फेरीत ११ जुलैला क्लाक्सविक विरुद्ध फेरेन्त्सवारोश अशी मॅच ०-० सुटलेली दिसली. फेरेन्त्सवारोश माहीत होतं. बुडापेस्टचा क्लब, हंगेरीचा चॅम्पियन, २०२० साली याच स्पर्धेच्या गटात बार्सिलोना आणि युव्हेंटसबरोबर खेळलेला. क्लाक्सविक म्हणजे काय ते शोधलं.

फेरो बेटांवरचं गाव. स्कॉटलंड आणि आइसलँडच्या मधोमध समुद्रात अठरा बेटं आहेत. ती डेन्मार्कच्या राज्यात असली तरी कारभार आपापला. सगळी मिळून वस्ती चोपन्न हजारांच्या आसपास, म्हणजे यवतमाळ शहराच्या निम्मीसुद्धा नाही. त्यातलं क्लाक्सविक हे दुसऱ्या नंबरचं गाव, पाच हजार माणसांचं. मासेमारीवर चालणारं. आमच्या आर्णीला आठवडी बाजाराच्या गर्दीत यापेक्षा जास्त लोक भाजीचा भाव विचारत असतील. आणि त्या गावचा क्लब १९०४ पासून चालू. टीममधले बरेच जण दिवसा नोकरी करून संध्याकाळी सरावाला येणारे.

हे मी तिथं मोठ्यानं वाचून दाखवलं. बाकावर मालक, आमच्या भागातला लाइनमन आणि काळी-पिवळी चालवणारा एक जण. लाइनमननं विचारलं, "ड्युटी करून खेळतेत? मंग सुट्टी कोन देते त्याहीले?" यावर बराच वेळ चर्चा झाली. फुटबॉलवर नाही, सुट्टीवर.

१९ जुलैला बुडापेस्टला परतीची मॅच, दोन्हींचे गोल मिळून निकाल. टीव्हीवर नव्हती, मी मोबाइलवर स्कोअर ताजा करत बसलो होतो. बाहेर पाऊस असा की कढईवरचं टिन वाजून बोलणं ऐकू येईना. १-० झालं. मग २-०. मग ३-०. मला वाटलं बाजू उलटी वाचतोय. नाही, गोल क्लाक्सविकचेच. मी नाव वाचलं : आर्नी फ्रेडरिक्सबर्ग, दोन गोल.

मालकांनी झारा खाली ठेवला. "काय नाव म्हनलं?"

"आर्नी."

"आपल्या आर्णीचा हाय काय बे तो?"

तिकडं त्या नावाचा उच्चार वेगळा करतात, हे मी सांगून पाहिलं. कोणी ऐकलं नाही. काळी-पिवळीवाल्यानं तर त्याचं घर पण ठरवून टाकलं, बसस्टँडच्या मागं, कंबलपोष बाबांच्या दर्ग्याकडं जाताना. दुसऱ्या दिवशी शाळेत निम्म्या पोरांना माहीत होतं की आर्णीच्या माणसानं परदेशात दोन गोल मारले. तिकडं बुडापेस्टला हरलेल्या क्लबानं मॅचनंतर लगेच प्रशिक्षकाला काढून टाकलं. चेर्चेसोव्ह नाव त्याचं, २०१८ च्या विश्वचषकात रशियाच्या टीमला उपांत्यपूर्व फेरीपर्यंत नेणारा माणूस. हे ऐकून मालक म्हणाले, "आपल्या पोरानं त्याची नोकरी घालवली म्हना." थोडं वाईट वाटल्यासारखं म्हणाले.

त्यानंतर तीनच दिवसांनी, २२ जुलैला, आमचं बेट झालं. ज्यांना यवतमाळ जिल्ह्यातला तो पाऊस आठवतो त्यांना वेगळं सांगायला नको. महागाव तालुक्यात आनंदनगर तांड्यावर अडकलेल्या लोकांसाठी हेलिकॉप्टर बोलवायची वेळ आली होती. आमच्याकडं तेवढं नव्हतं, पण फाटा आणि गाव यांच्यामधल्या नाल्याचा पूल पाण्याखाली गेला आणि मी हॉटेलच्या बाजूला राहिलो. घर पलीकडं. रात्र याच बाकावर काढली, विटेच्या तुकड्यासकट. लाइट नव्हती, वहिनींनी चुलीवर खिचडी टाकली, सोबत कच्चा कांदा आणि उरलेली तर्री. पैसे घेतले नाहीत. जेवताना मालक अंधारात म्हणाले, "सर, त्या क्लाक्सविकले आसंच रायत आसन काय? चारीकडून पानी?"

मी म्हटलं, त्यांचं पाणी ओसरत नाही.

"मंग खेळाले कसे जातेत दुसऱ्या गावी?"

तेव्हा मला उत्तर येत नव्हतं. लाइट आल्यावर शोधलं, आणि ते उत्तर या हॉटेलात सगळ्यात जास्त गाजलं. ती बेटं समुद्राखालच्या बोगद्यांनी जोडलेली आहेत. क्लाक्सविकहून शेजारच्या बेटावर जायला सहा किलोमीटरचा बोगदा, २००६ चा. पुढं राजधानी तोर्शाव्नला जायला अकरा किलोमीटरचा दुसरा, २०२० च्या डिसेंबरात सुरू झालेला, आणि त्या दुसऱ्या बोगद्यात समुद्राच्या तळाखाली एक गोल चौक आहे. गाड्या चौकाला वळसा घालून तीन वाटांनी फुटतात. मी फोटो दाखवला. मधोमध दगडाचा खांब, त्यावर निळा-हिरवा उजेड.

काळी-पिवळीवाल्यानं मोबाइल हातात घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, लहान केला, परत मोठा केला. मग म्हणाला, "समुद्राखाली फाटा हाय, भाऊ. फाटा." मालक कढईजवळून उठून आले. त्यांचं आयुष्य फाट्यावर गेलेलं. त्यांनी एकच विचारलं, "हॉटेल कोनतं हाय तिथं?"

हॉटेल नाही म्हटल्यावर दोघांनाही तो चौक अर्धवट वाटला.

पुढची फेरी स्वीडनच्या हेकेनशी. घरी ०-०, तिकडं ३-३, आणि मग पेनल्टी. ऑगस्टची सुरुवात होती. मालकांच्या पोराला त्या रात्री जागू दिलं, कारण पेनल्टी हा त्याचा विषय. टीव्हीवर काही नाही, नुसत्या मोबाइलवर हिरवे-लाल ठिपके येतात. हिरवा म्हणजे गोल, लाल म्हणजे हुकला. पोरगा टेबलावर दोन्ही तळहात टेकून उभा, आणि प्रत्येक ठिपक्याआधी कुठं उडी मारायची ते पुटपुटायचा : डावी, डावी, उजवी. ४-३ नं क्लाक्सविक जिंकलं. या विजयानं एक गोष्ट पक्की झाली. पुढं कितीही हरले तरी युरोपातल्या तीनपैकी एका स्पर्धेच्या गटात ते खेळणार. फेरो बेटांवरचा एकही क्लब आधी तिथवर गेला नव्हता.

याच काळात मालकांनी नियम काढला. मॅच बघायची तर प्रत्येक हाफला एक हाफ चहा. म्हणजे मॅचला माणशी दोन हाफ, सात रुपयांप्रमाणं चौदा. जादा वेळ झाला तर जादा चहा. पेनल्टी झाल्या तर भजी. उधारीच्या वहीत 'फुटबॉल' म्हणून वेगळं पान. मला हा नियम पूर्ण मान्य आहे. वीज त्यांची, टीव्ही त्यांचा, जागरण त्यांचं. माझं फक्त ॲपचं वर्षाचं वर्गणीपत्र आणि मोबाइलचं नेट, तेही कृषी केंद्राच्या मागच्या टॉवरच्या कृपेनं.

पण मोल्देची मॅच वादात आहे. नॉर्वेच्या या क्लबाला क्लाक्सविकनं घरी २-१ हरवलं होतं. क्लाक्सविकचे तेव्हाचे प्रशिक्षक मॅग्ने होसेथ स्वतः नॉर्वेचे, आणि खेळत होते तेव्हा मोल्देकडूनच खेळलेले. परतीची मॅच १५ ऑगस्टला. सकाळी झेंडावंदन, प्रभातफेरी, पोरांना बुंदी वाटून मी थकलेलो, तरी रात्री येऊन बसलो. मोल्देनं जादा वेळेपर्यंत ताणून २-० केलं. एकूण ३-२, क्लाक्सविक बाहेर. मालकांनी जादा वेळेचे दोन हाफ धरून दोन चहा लावले. माझं म्हणणं, जादा वेळेची पंधरा-पंधरा मिनिटं मिळून एकच चहा होतो. हे प्रकरण अजून मिटलेलं नाही.

मग खालच्या स्पर्धेच्या, युरोपा लीगच्या, पात्रतेत मोल्दोव्हाच्या शेरीफ तिरास्पोलशी एक बरोबरी, एक हार. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. आम्ही तेव्हा आभाळाकडं बघत होतो. जुलैत पुलावरून पाणी आणि ऑगस्टात एक सर नाही. देशात १९०१ पासून इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता म्हणतात. सोयाबीन फुलावर होतं. फेरोमध्ये वर्षाचे दोनशेच्या वर दिवस पाऊस पडतो, गवत टिकत नाही म्हणून मैदानं कृत्रिम गवताची, असं मी सांगितलं तर लाइनमन म्हणाला, "म्हंजे आपला तिकडंच गेला." पोळ्याला बैल धुतले ते बोअरच्या पाण्यानं. तेव्हा सोयाबीनवर पिवळा मोझॅक रोग पडलेला.

तिघांतली सगळ्यात खालची स्पर्धा, कॉन्फरन्स लीग, तिचा गट सुरू झाला २१ सप्टेंबरला, गणपतीत. इथून मॅचेस टीव्हीवर दिसायला लागल्या आणि हॉटेलची खरी परीक्षा सुरू झाली. तक्रारी इथंच लिहून टाकतो. टीव्ही फार उंच आहे, मान दुखते. तो कढईच्या वाफेच्या वाटेत आहे, त्यामुळं पहिला हाफ धुक्यात बघावा लागतो. मालक मध्येच उठून पडदा पुसतात, तोही नेमका कॉर्नरच्या वेळी, आणि ज्या फडक्यानं टेबल पुसतात त्याच फडक्यानं. लाइट गेली तर इन्व्हर्टरवर बल्ब आणि फ्रीझर चालतो, टीव्ही नाही. फ्रीझर कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, "आइस्क्रीम वितळते, मॅच थोडीच वितळते."

गटात चार टीम. फ्रान्सचं लील, स्लोव्हाकियाचं स्लोवान ब्रातिस्लाव्हा, स्लोव्हेनियाचं ऑलिम्पिया लुब्लियाना आणि आमचं. पहिली मॅच स्लोवानच्या घरी, २-१ नं गेली. दुसरी ५ ऑक्टोबरला लीलशी. त्याच दिवशी अहमदाबादला क्रिकेटचा विश्वचषक सुरू झाला, त्यामुळं दुपारपासून हॉटेल भरलेलं होतं. न्यूझीलंडनं इंग्लंडला चोपून लवकर मोकळं केलं. माणसं उठली, उरलो आम्ही पाच.

लील म्हणजे २०२१ चा फ्रान्सचा चॅम्पियन. पॅरिसच्या पैशावाल्या क्लबाला मागं टाकून झालेला. आणि मैदान तोर्शाव्नचं, कारण गटातल्या मॅच खेळवायला लागायचं तसलं स्टेडियम क्लाक्सविकला नव्हतं, ते राजधानीत होतं. म्हणजे घरची मॅच, पण गाव सोडून. आमच्या टीमचंही तसंच असतं. शाळेला मैदान आहे, पण तालुक्याची मॅच असली की आर्णीला जावं लागतं, काळी-पिवळीत पंधरा पोरं कोंबून. तर त्या रात्री क्लाक्सविकचे लोक दोन बोगदे आणि समुद्राखालचा तो फाटा ओलांडून आले असणार, याची आम्हाला पक्की खात्री. कॅमेरा प्रेक्षकांवर गेला की काळी-पिवळीवाला म्हणायचा, "आले पाय, फाट्यावरून."

मॅच ०-० सुटली. फुटबॉल न पाहणाऱ्याला ०-० म्हणजे काहीच झालं नाही असं वाटतं. मालकांनाही आधी तसंच वाटायचं. त्या रात्री ऐंशीव्या मिनिटानंतर ते कढई सोडून टीव्हीखाली उभे होते, हातात झारा, आणि लीलचा चेंडू डी मध्ये आला की झारा आडवा धरायचे. तेल शर्टावर गळलं. शेवटची शिट्टी वाजली तेव्हा कोणी ओरडलं नाही. लाइनमननं फक्त विचारलं, "एक पॉइंट भेटला न?" भेटला. पाच हजारांच्या गावाला फ्रान्सकडून एक पॉइंट. मालकांनी दुसऱ्या हाफचा चहा वहीत मांडला नाही. आठ वर्षांत मी त्यांना एवढी सूट देताना पाहिलेलं नाही.

२६ ऑक्टोबरची मॅच ऑलिम्पियाशी. सोयाबीन काढून झालं होतं, जेवढं झालं तेवढं. एकरी काय पडलं ते इथं लिहीत नाही. त्या दिवशी बंगळुरूला श्रीलंकेनं इंग्लंडला १५६ वर गुंडाळलं, ती मॅचही लवकर संपली. दोनदा इंग्लंड हरलं आणि दोनदा आम्हाला टीव्ही मिळाला, त्यामुळं मालक तेव्हापासून इंग्लंडवर खूश. क्लाक्सविकनं ऑलिम्पियाला ३-० हरवलं. फेरोच्या क्लबानं युरोपच्या गटात जिंकलेली पहिली मॅच. गोल झाला की बाक कलायचा, कारण एकाच बाजूचे दोघं उडी मारायचे. तिसऱ्या गोलला वीट निसटली आणि लाइनमन खाली बसला, चहासकट. बसल्या बसल्याच म्हणाला, "लागला नाई, लागला नाई, रिप्ले दाखवा." वहिनींनी त्या रात्री भजी काढली, पेनल्टी नसताना. कांद्याची, ओवा घालून, आणि तर्री वाटीत वेगळी. या हॉटेलात मी खाल्लेलं सगळ्यात चांगलं ताट तेच.

तिकडं देशातली लीगही त्यांनीच जिंकली होती. दहा टीमची लीग, प्रत्येकाशी तीनदा, सत्तावीस मॅचेस, मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत, कारण पुढं हिवाळ्यात तिथं खेळणं अवघड. म्हणजे गुरुवारी युरोपात आणि रविवारी शेजारच्या गावाशी. यात मला शिक्षक म्हणून जास्त नवल वाटतं. लीलला रोखून दोन-तीन दिवसांत शेजारच्या खाडीतल्या पोरांविरुद्ध तितक्याच इमानानं खेळायचं. आमच्या पोरांना सुब्रोतो कपला, म्हणजे शाळांच्या फुटबॉल स्पर्धेत, तालुका जिंकल्यावर एवढी हवा चढली की जिल्ह्याला चार गोल खाऊन आले. गोलकीपर रडला. त्याच्या बापानं त्याला समजावलं ते मी कढईमागून ऐकलं : "आर्नीवाले पन हारतेत बे, मोल्देले हारले होते."

नंतर उतरण. वसुबारसेच्या दिवशी, ९ नोव्हेंबरला, ऑलिम्पियाच्या घरी २-०. ऑक्टोबरअखेर तिकडं घड्याळं तासभर मागं जातात, त्यामुळं सव्वादहाच्या मॅचेस सव्वाअकराला आणि साडेबाराच्या दीडला गेल्या. नोव्हेंबरअखेर अवकाळी झाला, फुटलेला कापूस झाडावरच भिजला, आणि ३० तारखेला स्लोवानशी घरची मॅच १-२ गेली. त्या रात्री आम्ही तिघंच होतो. काळी-पिवळीवाला आला नाही, त्याच्या वावरातला कापूस काळा पडला होता.

१४ डिसेंबरला शेवटची मॅच, लीलच्या घरी. नांदेडचे साहेब आले ते याच रात्री. थंडी अशी की मालकांनी शेगडी टेबलाखाली सरकवलेली. क्लाक्सविक मागं पडलेलं, पडद्यावर वाफ, दूध संपलेलं, आणि साहेब बातम्या मागतायत. त्यांच्या जागी मी असतो तर मीही चिडलो असतो. एवढंच की मालक उद्धटपणे बोलले नाहीत. ते म्हणाले होते, "साहेब, आखरी मॅच हाय, वीस मिनिटं उरली. मंग लावतो न." मॅच ३-० गेली. सहा मॅचेस, चार पॉइंट, गटात शेवटचा नंबर. शिट्टी झाल्यावर त्यांनी खरंच बातम्या लावल्या. तोवर गाडी आर्णीच्याही पुढं गेली असेल.

वहीत माझ्या नावावर फुटबॉलच्या पानाचे ३१५ रुपये निघाले. मी ३०८ दिले. सात रुपये मोल्देचे.

यायचं तर सकाळी साडेसात ते नऊ या, तर्री संपायच्या आत. आलूबोंडा पंधरा रुपये, पूर्ण चहा दहा, सुटे पैसे ठेवा, फोन-पेचं स्कॅनर भिंतीला आहे पण नेट असेल तर. दाराजवळच्या बाकावर बसू नका. चहाच प्यायचा असेल तर रात्री नवाच्या आत. गुरुवारी दूध त्याआधीच संपतं. आणि मालकांच्या पोरानं विचारलं की आर्नी फ्रेडरिक्सबर्ग आर्णीचा आहे का, तर हो म्हणा, तो तुम्हाला दुसरी पळी न मागता आणून देईल.